उरतली ती पुरतली मां?

किडनी देणाऱ्या माणसाचा सीटी स्कॅन माझ्याकडे येतो, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकाच प्रकारची विचारणा असते. डाव्या किडनीला आर्टरी, म्हणजे रक्त आणणाऱ्या नळ्या, किती, उजवीला किती, त्या कुठून फुटतात, रक्त परत नेणारी व्हेन पुरेशी लांब आहे का, लघवी खाली नेणारी नळी, युरेटर, एकच आहे ना. सर्जनच्या बाजूने हे सगळं रास्त आहे. साधारण चारातल्या एका माणसाच्या एखाद्या किडनीला एकीऐवजी दोन आर्टरी असतात. किडनी काढताना त्यातली बारकी आर्टरी तुटली, तर तिच्यावर जगणारा किडनीचा तुकडा मरतो. डावीची व्हेन लांब असते, दुसऱ्याच्या पोटात जोडायला ती सोयीची पडते, म्हणून जमेल तिथे डावीच काढतात. हे आधी कळलं नाही तर टेबलावर घोळ होतो, आणि त्या घोळाला दोन माणसं सापडतात.

पण ही सगळी चौकशी निघणाऱ्या किडनीची. राहणाऱ्या किडनीबद्दल चिठ्ठीवर चकार शब्द नसतो. मला ते खटकतं. दिवसेंदिवस जास्तच खटकतं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. शिकले मुंबईत, काही वर्षं तिथेच प्रत्यारोपण करणाऱ्या एका हॉस्पिटलात काढली, आणि मग माहेरच्या ओढीने कुडाळला परतले. आमच्या सेंटरमध्ये सीटी आहे, सोनोग्राफी आहे. प्रत्यारोपण मात्र इथे होत नाही. त्यासाठी किनाऱ्यावरची माणसं मुंबई गाठतात, कोणी कोल्हापूर, कोणी गोवा. रात्रीची कोकणकन्या, पहाटे उतरायचं, डोंबिवलीला नाहीतर नालासोपाऱ्याला पुतण्याच्या खोलीत मुक्काम, आणि तिथून लोकलच्या गर्दीत आजारी माणसाला सांभाळत दवाखान्याची वाट. ही धावपळ जितकी टळेल तितकी बरी, म्हणून सुरुवातीच्या काही तपासण्या इथेच होतात आणि सीडी मुंबईला जाते. म्हणून हे स्कॅन माझ्या टेबलावर येतात.

निवतीकडची एक काकी अशीच आली होती. मासळी विकणारी. नवऱ्याला मधुमेह, त्यातून दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगा पुण्याला नोकरीला, तो द्यायला तयार होता. काकीने त्याला सरळ गप्प केलं. "तो तरणो हा, तेचो संसार आसा. मी आसय मां." रक्तगट जुळला, बाकीचंही जुळत गेलं. मी तिला समजावून सांगत होते: हाताला सुई लावणार, त्यातून औषध जाईल, अंगातून एकदम गरम लाट गेल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली,

"ता सगळा ऱ्हवांदे गो बाय. माका एक सांग. एक काढल्यार उरतली ती पुरतली मां माका?"

दात्याच्या तपासणीत याहून मोठा प्रश्न नाही. आणि त्याचं बरंचसं उत्तर, पूर्ण नव्हे पण बरंचसं, त्याच स्कॅनमध्ये असतं. फक्त ते काढावं लागतं.

आधी रक्ताची गोष्ट. माणसाच्या मुठीएवढी किडनी, दहा-अकरा सेंटिमीटर लांब, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा या दोन किडन्यांकडे जातो. निरोगी तरुण माणसात त्या मिनिटाला १२० मिलिच्या आसपास द्रव गाळतात. दिवसाचे होतात सुमारे १७०-१८० लिटर, आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. मिनिटाला किती गाळलं जातं, तो आकडा म्हणजे जीएफआर. तो थेट मोजणं किचकट, म्हणून रोजच्या कामात रक्तातल्या क्रिएटिनिनवरून अंदाज बांधतात, वय आणि स्त्री की पुरुष हे लक्षात घेऊन. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा; रक्तात तो जितका कमी, तितकी किडनी चांगली असं धरतात. लॅबच्या कागदावर ईजीएफआर म्हणून छापून येतो तो हा अंदाज.

काकीचं क्रिएटिनिन ०.६ होतं. वय ५४. सूत्रात घातलं की ईजीएफआर येतो १०६. कागद बघणारा म्हणेल, वा, झकास.

पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. काकीची उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४३ किलो. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने आयुष्य काढलं खरं, पण अंगात स्नायू मुळात थोडे. त्यामुळे रक्तात क्रिएटिनिनही थोडंच. किडनी जेवढी चांगली आहे त्याहून ती कागदावर चांगली दिसते. शिवाय हा आकडा १.७३ चौरस मीटर एवढ्या शरीराच्या हिशोबाने मांडलेला असतो, आणि काकीच्या शरीराचं क्षेत्रफळ भरतं १.३३. म्हणजे १०६ हा आकडा जरी खरा धरला, तरी तिच्या किडन्या प्रत्यक्षात मिनिटाला ८२ मिलिच गाळत असणार. तिच्या एवढ्याशा देहाला ते पुरेसं आहे, यात वाद नाही. पण निघालेली किडनी जाणार होती नवऱ्याकडे, आणि तो आजारपणातही सत्तर किलोचा. हा हिशोब कोणीतरी मांडायला हवा.

म्हणून मी मापायला बसते. बसते असंच म्हणायला हवं, कारण हे काम घाईचं नाही.

दात्याचा स्कॅन टप्प्याटप्प्याने होतो. पहिला औषधाशिवाय, त्यात मुतखडा दिसतो. आपल्याकडे खडा निघणं नवलाचं नाही. उन्हातान्हातली कामं, घाम, आणि दिवसभर पाणी प्यायला सवड नाही. कुळथाचं कढण पिऊन तो 'विरघळला' म्हणणारी माणसं मला रोज भेटतात, स्कॅनमध्ये तो जागच्या जागी असतो. मग शिरेतून आयोडिनचं औषध. पंचवीस-तीस सेकंदांत ते आर्टरीत उजळतं, तेव्हाचे फोटो सर्जनसाठी. त्याच सुमाराला किडनीची बाहेरची साल, कॉर्टेक्स, पांढरी शुभ्र होते आणि आतला गाभा अजून काळसर असतो. दोघांमधली सीमा तेव्हा बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट असते. दीडेक मिनिटाने सगळी किडनी एकसारखी उजळते. आणखी काही मिनिटांनी औषध लघवीत उतरून युरेटर दिसू लागतात. आमचा टेक्निशियन काचेपलीकडून प्रत्येक टप्प्याला सांगतो, "श्वास घे, धर, सोडू नको हां." काकीने श्वास असा धरला होता की त्या फोटोंत एकही रेघ हललेली नाही.

मग मी स्क्रीनवर एक मिलिमीटरचे काप उघडते. एका किडनीचे शंभरेक. प्रत्येक कापावर किडनीची कड माउसने आखायची. मधली चरबी वगळायची, लघवी जिथे जमते ती पोकळी वगळायची, आर्टरी-व्हेन शिरतात ती खाच वगळायची, पाण्याची गाठ असेल तर तीही. उरतं ते काम करणारं मांस. आखलेल्या भागात जेवढे चिमुकले ठोकळे मावतात, ज्यांना व्होक्सेल म्हणतात, ते संगणक मोजतो. काकीच्या उजव्या किडनीत असे दोन लाखांहून जास्त ठोकळे भरले. त्यांचं झालं ११८ मिलि. डावीचं १०९.

याला एक झटपट वाटही आहे. लांबी, रुंदी, जाडी घ्यायची, गुणायची आणि ०.५२ ने पुन्हा गुणायचं. सोनोग्राफीत तसंच करतात. पण किडनी काही सुबक लंबगोल नसते, आणि ही वाट बहुधा घनफळ कमी दाखवते. प्रोब जरा तिरका धरला तर नुसत्या लांबीतही सेंटिमीटरचा फरक पडतो. रोजच्या कामाला ते चालतं. पण जी बाई आपलं अर्धं देऊन घरी जाणार आहे, तिच्या उरलेल्या अर्ध्याचं माप असं उरकणं मला पटत नाही.

हल्ली हे आखण्याचं काम संगणक स्वतः करतो. वैद्यकीय फोटोतला अवयव ओळखून वेगळा काढायला २०१५ साली यू-नेट नावाची न्यूरल नेटवर्कची रचना आली, आणि तिच्यावर आधारलेली साधनं आता दोन्ही किडन्या काही मिनिटांत रंगवून समोर ठेवतात. मी ती वापरते आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. तरी प्रत्येक काप डोळ्यांखालून घालते. डाव्या किडनीला टेकून प्लीहा असते, तिची कड संगणक कधीकधी किडनीत ओढतो. पाण्याची गाठ मांसात धरतो. दोन-तीन मिलिचा फरक पडतो, फार नाही. पण उजवी-डावीतला फरकच जिथे नऊ मिलिचा आहे, तिथे दोन-तीन मिलिलाही किंमत आहे.

आता हे ११८ आणि १०९ कशासाठी? एक म्हणजे वाटणी. एकूण कामातला किती वाटा कोणती किडनी उचलते, हे पाहायची जुनी पद्धत म्हणजे डीटीपीए स्कॅन. टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य, सहा तासांत अर्धं होणारं, शिरेतून देतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली बघतात की पहिल्या दोन-तीन मिनिटांत कोणत्या किडनीने किती ओढून घेतलं. १९८२ पासून गेट्स यांची रीत त्यासाठी वापरात आहे. आमच्या सेंटरला गॅमा कॅमेरा नाही, काकीचं ते मुंबईत झालं: उजवी ५१, डावी ४९. माझ्या घनफळावरून येत होतं उजवी ५२, डावी ४८. बहुतेक निरोगी दात्यांमध्ये हे दोन्ही असेच जवळजवळ येतात, कारण रोग नसलेल्या किडनीत मांस जास्त तिथे काम जास्त. गॅमा कॅमेऱ्याला किडनी पाठीपासून किती खोल आहे ते उंची-वजनावरून गृहीत धरावं लागतं, सीटीत ती खोली डोळ्यांसमोर असते. डीटीपीए टाकून द्या असं मी म्हणत नाही. किडनीला डाग असेल, आर्टरी अरुंद असेल, दोन्हींच्या आकारात दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर प्रत्येकीचं काम वेगळं मोजायलाच हवं. तिथे नुसतं घनफळ फसवू शकतं. पण जो सीटी प्रत्येक दात्याचा होतोच, त्यातून न टोचता, न वेगळा खर्च करता, न पुन्हा कोकणकन्येत बसवता मिळणारी माहिती वाया का घालवायची?

आणि या वाटणीमागे एक नियम आहे, जो मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत माणुसकीचा वाटतो. दोन्हींत डावं-उजवं असेल तर जास्त चांगली किडनी दात्याकडे ठेवायची. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चाललाय तो रुग्ण. त्याला कमी चांगली. हे लिहून ठेवलेलं आहे, केडिगो या किडनीच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही आहे. देणारा निरोगी माणूस आहे, त्याला या ऑपरेशनचा स्वतःच्या शरीरासाठी काडीचाही उपयोग नाही, म्हणून त्याचं पारडं आधी भरायचं. काकीच्या बाबतीत सुदैवाने सगळंच जुळलं. लहान ती डावी, आणि सर्जनला हवी तीही डावी.

दुसरा उपयोग पुढचा अंदाज बांधण्याचा. एक किडनी काढली की त्या दिवशी गाळण्याची ताकद साधारण निम्मी होते. पण उरलेली हात बांधून बसत नाही. तिच्याकडे जास्त रक्त येऊ लागतं, पहिल्या काही आठवड्यांतच ती कामाचा वेग वाढवते, वर्षभरात तिचं घनफळही पाव हिश्शाच्या आसपास वाढतं. बहुतेक दाते आधीच्या ताकदीच्या ६५ ते ७० टक्क्यांवर येऊन स्थिरावतात. कोण किती चढेल, यात फरक असतो. वय वाढलेलं, वजन वाढलेलं, तर चढ कमी. आणि उरलेल्या किडनीचं घनफळ शरीराच्या मानाने जेवढं जास्त, तेवढा वर्षभरानंतरचा आकडा चांगला, हे दात्यांच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. वय, आधीचा जीएफआर आणि हे उरणारं घनफळ एकत्र घेतलं की अंदाज एकट्या क्रिएटिनिनपेक्षा जवळचा येतो.

मुंबईत काकीचा जीएफआर रक्ताचे नमुने घेऊन प्रत्यक्ष मोजला. तो निघाला ८८. १०६ नव्हे. ९० किंवा वर असेल तर दान करायला हरकत नाही, ६० च्या खाली असेल तर करू नये, आणि मधल्या पट्ट्यात माणूस बघून ठरवावं, असं केडिगो सांगतं. काकी त्या मधल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला होती. वय ५४, रक्तदाब ठीक, साखर ठीक, लघवीत प्रोटीन नाही. ८८ चे ५१-५२ टक्के म्हणजे ४५, तिथून चढून साठीच्या आसपास. तिच्या प्रश्नाचं आकड्यातलं उत्तर हे होतं.

मी तिला आकडे सांगितले. लोक म्हणतात, अशा बाईला आकडे कशाला, तिला काय कळतंय. जी बाई वाट्यावर वाटा लावून मासळी विकते, उधारी तोंडपाठ ठेवते, तिला शंभरातले साठ कळत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा वेंगुर्ल्याच्या बाजारात जाऊन घासाघीस करून बघावी. काकीने विचारलं, "साठात भागता?" मी म्हटलं, भागतं. जेवण, काम, नातवंडं, सगळं भागतं. पण खालची शिल्लक कमी झालेली असते. पुढे साखर झाली, रक्तदाब चढला, लघवीत प्रोटीन जाऊ लागलं, तर सावरायला वाव कमी. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून खायच्या नाहीत. ती थबकली. पाटी उचलून कंबर भरते, तेव्हा गोळी ती रोजच घ्यायची.

इथे मला त्या स्कॅनची मर्यादाही सांगायला हवी, कारण ती मला रात्री-अपरात्री सतावते. घनफळ म्हणजे गाळण्यांची संख्या नव्हे. किडनीतल्या गाळण्या, नेफ्रॉन, माणसागणिक वेगळ्या. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास म्हणतात, पण कुणाकडे त्याच्या पावही नसतात तर कुणाकडे दुप्पट. जन्मताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच, नंतर एकही नवी होत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी किडनीदात्यांचाच सीटी आणि ऑपरेशनच्या वेळी घेतलेला किडनीचा बारीक तुकडा एकत्र वापरून या गाळण्या मोजल्या. २०१७ साली ते छापून आलं. १८ ते २९ वर्षांच्या दात्यांत एका किडनीत चालू गाळण्या सुमारे ९ लाख ९० हजार. ७० ते ७५ च्या दात्यांत ५ लाख २० हजार. निम्म्याच्या जवळपास गेल्या. आणि एवढ्या काळात कॉर्टेक्सचं घनफळ घटलं अवघं १६ टक्के. देवगड हापूसची पेटी बाहेरून बघावी तशी ही गत: आत सात डझन लहान फळं असोत की चार डझन मोठी, पेटी भरलेलीच दिसते. गाळण्या मेल्या की उरलेल्या फुगतात आणि जागा भरून काढतात. माझा सीटी पेटी मापतो. आतली फळं मोजण्याची सोय अजून त्याच्याकडे नाही.

म्हणून पन्नाशीपुढच्या दात्याचं घनफळ चांगलं आलं की मी हुरळून जात नाही. वय, लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब, घरात आणखी कोणाला किडनीचा आजार आहे का, हे बाजूला ठेवून एकटं घनफळ वाचायचं नाही. किडनीचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, कॉर्टेक्स कुठे पातळ झालंय का, बारीक गाठी किती, हेही मी लिहिते. तिच्या म्हाताऱ्या होण्याच्या खुणा तिथे उमटतात.

या सगळ्याच्या आधी दान करणाऱ्यांचं धाडस आठवलं की मन भरून येतं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली. जोसेफ मरे यांनी ते प्रत्यारोपण केलं आणि पुढे १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. जिवंत दात्याकडून झालेलं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. रिचर्ड आठ वर्षं जगला. देणारा रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत. त्याला 'पुरतली मां' म्हणून विचारायला जागाच नव्हती, कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातलं पहिलं यशस्वी जिवंत दात्याचं प्रत्यारोपण झालं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. दोन्ही गोष्टी माझ्या टेबलावर एकत्र यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

दात्यांना धोका नसतोच, असं सांगायची एक रीत पडून गेली आहे. ती मला मान्य नाही. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात पंधरा वर्षांत १०,००० दात्यांमागे सुमारे ३१ जणांच्या किडन्या निकामी झाल्याचं दिसलं. तेवढ्याच निरोगी पण दान न केलेल्या माणसांत हा आकडा ४ च्या आसपास होता. ३१ हा आकडा लहानच आहे. ९,९६९ जणांचं नीट चाललं. पण तो ४ नाही. दोन्ही आकडे देणाऱ्यासमोर ठेवावेत आणि मग तिने ठरवावं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातही देणाऱ्याला परिणाम समजावून सांगणं आलंच आहे. सहीचा कागद सगळीकडे असतो. समजावणं मात्र कधीकधी सहीपुरतंच होतं.

आणि या देशात देणाऱ्या बहुतेक बायकाच. बायको, आई, बहीण. घेणारे बहुतेक पुरुष. हे मी माझ्या टेबलावर बघते आणि देशभराचे आकडेही तेच बोलतात. लहान चणीच्या, कमी स्नायूंच्या, कागदावर उत्तम ईजीएफआर असलेल्या बायका. ज्या सूत्रांनी पुढचा अंदाज बांधतात ती बहुतेक कोरियातल्या, जपानातल्या, युरोप-अमेरिकेतल्या दात्यांवर बेतलेली. देवबागच्या, निवतीच्या, रेडीच्या ४३ किलोच्या बाईला ती जशीच्या तशी लागू पडतील असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडच्या प्रत्येक दात्याचं उरलेलं घनफळ, वजन आणि वर्षभरानंतरचं क्रिएटिनिन एवढं जरी सगळ्या केंद्रांनी नीट जपून ठेवलं, तरी आपलं सूत्र आपल्याला बांधता येईल. त्यासाठी मोठं मशीन लागत नाही. वही लागते आणि वर्षाने फोन करणारा माणूस लागतो.

म्हणून दात्याच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी, कोणी विचारलेलं नसलं तरी, मी लिहिते: राहणाऱ्या किडनीचं घनफळ इतकं, शरीराच्या क्षेत्रफळाच्या मानाने इतकं, एकूणातला वाटा इतका. एका सर्जनने मला फोन करून विचारलं होतं, हे कशासाठी. मी म्हटलं, हे तुमच्यासाठी नाही, पेशंटसाठी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. आता त्यांच्या चिठ्ठीवर तोही प्रश्न असतो.

काकीचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. तारीख तिनेच सुचवली. १ जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, विकायला ताजी मासळी नाही, डोक्यावर पाटी घ्यायचीच नसते. डॉक्टर म्हणाले होते सहा आठवडे जड उचलू नका. ती म्हणाली, दोन महिने घ्या. नवऱ्याची नवी किडनी त्याच दिवशी लघवी करू लागली.

दाता म्हणून घरी गेलेल्या बाईला मग कोणी बोलावत नाही. तिच्या नवऱ्याच्या गोळ्या, त्याचं क्रिएटिनिन, त्याची तारीख, यात सगळं घर गुंतलेलं. तिला स्वतःलाही आपण काही तपासायचंय असं वाटत नाही. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन. एवढंच तर. काकीला मी निरोप धाडत राहते, कधी तिच्या सुनेला फोन, कधी बाजारात गाठून. गेल्या खेपेला ती आली तेव्हा रक्तदाब १२८/८०, लघवीत प्रोटीन नाही, क्रिएटिनिन ०.९. सूत्राने ईजीएफआर ७४ येत होता. तिच्या बाबतीत सूत्र जरा वरच बोलतं हे जमेस धरूनही आमचा साठीचा अंदाज चुकलेला नव्हता. सोनोग्राफीत उजवी किडनी आधीपेक्षा चांगली सेंटिमीटरभर लांब झालेली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली. तिने बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "बरी मोठी झाली गो. आता ह्येंचा पण जरा बघ." नवरा बाहेर बाकड्यावर बसला होता. त्याचं बघायला त्याचे डॉक्टर आहेत, आज तुझी पाळी, असं म्हणून मी तिच्या गोळ्यांची पिशवी उघडायला लावली. कंबरदुखीच्या गोळ्यांची पट्टी त्यात अजून होती, निम्मी संपलेली. ती काढून घेतली, त्याऐवजी काय घ्यायचं ते नेफ्रॉलॉजिस्टना फोनवर विचारून चिठ्ठी दिली, आणि पुढची तारीख गणपतीनंतरची लिहिली, कारण त्याआधी ती यायची नाही.